वहीतली काळी पाच

माझ्या यादीत सातव्या ओळीवर चूक होती. ती मला सापडली तेव्हा माझी धाकटी बहीण काचेपलीकडे हेडफोन लावून उभी होती आणि एकाच ओळीशी सोळाव्यांदा झगडत होती. सोळा हा आकडा अंदाजाने सांगत नाही. मी कागदावर रेघा मारत होते.

याद्या करणं ही माझी सवय आहे. आष्ट्याजवळ आमची उसाच्या रोपांची नर्सरी आहे. कोणत्या ट्रेमध्ये कोणती जात, डोळा कधी लावला, रोपं कुणाची, गाडी कधी येणार, हे सगळं माझ्या वहीत असतं. नवरा म्हणतो, ही स्वतःच्या तिरडीच्या सामानाचीसुद्धा यादी करून ठेवेल. त्याला सांगितलेलं नाही, पण ती केलेली आहे.

बहिणीच्या रेकॉर्डिंगची यादी एकोणीस ओळींची होती. कोमट पाण्याचे दोन थर्मास. ज्येष्ठमध. तिचे दोन्ही चष्मे. गाण्यांचे कागद, मोठ्या अक्षरात, दोन प्रती. स्टुडिओचा पत्ता आणि गाडी कुठे लावायची ते. शाल, कारण आत एसी असतो. आणि सातवी ओळ : पट्टी – काळी पाच.

गाणाऱ्याचा सा पेटीच्या ज्या पट्टीवर बसतो ती त्याची पट्टी. काळी पाच म्हणजे बायकांच्या आवाजातही चांगली उंच. साथ त्या पट्टीवर बांधतात. चुकीच्या पट्टीवर बांधलेली साथ म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चप्पल. दोन पावलं जाता येतं, गावाला जाता येत नाही.

माझी बहीण बाविसाव्या वर्षी ऑर्केस्ट्रात गायची. कराडपासून औंधपर्यंत जत्रा, गणपती, कारखान्यांचे कार्यक्रम. तिचं एक उडत्या चालीचं गाणं कॅसेटवर आलं आणि आमच्या दोन जिल्ह्यांत अशी वरात राहिली नाही जिच्यात ते वाजलं नाही. अजून वाजतं. वडिलांनी परवानगी देताना एकच अट घातली होती की अक्का बरोबर जाईल. अक्का म्हणजे मी. मी वही घेऊन जायचे. गाव, गाण्यांचा क्रम, कुठल्या गाण्याला वन्स मोअर. कीबोर्डवाला स्टेजवरून मान वळवून विचारायचा, "कितीत?" आणि मी पडद्याआडून ओरडायचे, "काळी पाच!" पुढे पुढे त्या लोकांनी तिचं नावच पाडलं, काळी पाचची पोरगी. तिला ते आवडायचं. मलाही.

मग तिचं लग्न झालं. नवरा फौजेत. छावण्यांच्या क्वार्टरमध्ये तिची वीस-बावीस वर्षं गेली. तिथे ती कधी गायली असेल तर भिंतींना माहीत. सुभेदार रिटायर होऊन कराडजवळ घर बांधून बसले आणि एक दिवस तिने माझ्या फोनवर आठ गाणी पाठवली. शब्द तिचे, चाली तिच्या, स्वयंपाकघरात गुणगुणून भरलेली. मागे कुकरच्या शिट्ट्या. एक गाणं नवरा-बायकोने एकाच चष्म्यावर पेपर वाचण्याचं होतं. एक बदलीच्या गावी सोडून आलेल्या कुंडीचं. एक होतं पोरगा ट्रेनिंगला गेल्यावर अंगणात उभ्या राहिलेल्या मोटारसायकलचं.

"कुणाला नाचवायचं न्हाई मला," ती म्हणाली. "ही वयात आलेल्यांची गाणी न्हाईत, अक्का. वय झालेल्यांची हायेत. आल्बम करायचा. एकदाच. जमलं तर जमलं, न्हाई जमलं तर पुना मी तोंड उघडणार न्हाई. देवाच्या आरतीलासुदा न्हाई."

ती बोलते तसं करते. म्हणून मी सगळं हातात घेतलं.

साथ तयार करायला कराडचा एक माणूस मिळाला. कॉलेजात शिकवतो, घरी संगीत बांधतो. गिटार, व्हायोलिन, बासरी वाजवणारे त्याचे मित्र. त्याने फोन मला केला, कारण सगळे फोन मलाच यायचे. मीच तसं ठरवलं होतं. तिच्या डोक्याला ताप नको.

"पट्टी कोणती ठेवू, मॅडम?"

"काळी पाच."

"पाठवलेल्या गाण्यांत त्या बऱ्याच खालून गातायत. एकदा त्यांना विचारून सांगता का?"

"घरात माणूस हळू गातो," मी म्हणाले. "तिची पट्टी काळी पाचच. माझ्याकडे वहीत आहे."

हे बोलताना मी नर्सरीत होते आणि समोर ट्रॅक्टर उभा होता. पूर्ण संभाषणाला दीड मिनिट लागलं असेल. मी सातव्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

स्टुडिओ सांगलीत, मार्केट यार्डाच्या बाजूला, हळदीच्या जुन्या गोदामाच्या माडीवर. जिन्यालासुद्धा हळदीचा वास. रेकॉर्डिंग करणारा पन्नाशीचा, कमी बोलणारा. तीन दिवस आमचे होते. चौथ्या दिवसापासून लग्नसराईच्या डीजेवाल्यांनी त्याचा महिना धरून ठेवला होता.

पहिलं गाणं चष्म्याचं. साथ सुरू झाली, व्हायोलिन सुंदर होतं. बहीण गायला लागली आणि पहिल्या ओळीच्या शेवटी जिथे सूर वर जातो तिथे तिचा आवाज पातळ झाला, ताणला गेला आणि तुटला.

"परत घेऊ," ती म्हणाली.

परत. परत. पाचव्या वेळी ती खोकली. आठव्या वेळी पाणी मागितलं. मी थर्मास घेऊन आत गेले. तिच्या मानेची शीर फुगली होती आणि तिने माझ्याकडे पाहिलं नाही. काचेबाहेर येऊन मी रेघा मारत बसले. बाराव्या वेळी रेकॉर्डिंगवाला हळूच म्हणाला, "गळा बसलाय का त्यांचा? प्रवासानं?"

"दीड तासाचा तर प्रवास," मी म्हणाले.

चौदाव्या वेळेनंतर मी पॅसेजमध्ये आले. मूळ चाल नीट ऐकून तिला काही सुचवता येईल असं वाटलं, म्हणून फोनवरचं तिचं स्वयंपाकघरातलं गाणं लावलं. तिथे भिंतीशी एक पेटी होती, कापड घातलेली. मी गाणारी नाही. पण पंचवीस वर्षांपूर्वी पेटीवर काळी पाच कुठे असते ते मला दाखवलेलं होतं आणि मी काही विसरत नाही. भाता मारला, बोट ठेवलं. फोनमधलं गाणं आणि पेटी यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. एक पट्टी खाली आले. नाही. आणखी एक. नाही. आणखी एक. नाही. चौथ्याला, काळी तीनवर, दोन्ही एक झाले. कुकरची शिट्टी वाजली आणि तिचा आवाज त्या सुरावर असा बसला होता, जसं घरातलं माणूस पाटावर बसतं.

मी कापड पुन्हा घातलं. कडा नीट केल्या. आत आले तेव्हा सोळावी वेळ चालू होती.

आता इथे मी लगेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माझ्या डोक्यात त्याचीही यादी झाली. एक, आठही गाण्यांची साथ त्याच पट्टीत वाजून तयार आहे. दोन, संगणकावर ती खाली ओढता येते, पण चार घरं ओढली की व्हायोलिन रेड्यासारखं रेकतं, हे त्या कराडच्या माणसाने बोलता बोलता एकदा सांगितलेलं होतं. तीन, त्याने विचारलं होतं. तीनपर्यंत आले आणि पुढचा आकडा लिहायची माझी हिंमत झाली नाही.

दुपारी खाली चहाच्या गाड्यावर गेलो. बहीण बाकावर टेकली. गाडेवाल्याने तिच्याकडे दोनदा पाहिलं आणि चहा गाळता गाळता थांबला.

"ताई, तुमी त्या वरातीच्या गाण्यावाल्या न्हवं? माझ्या लग्नात तुमच्या गाण्यावर घोडं बिथारलं हुतं, आवं! नवरदेव खाली, घोडं फुडं!"

"मग लग्न झालं का न्हाई?" तिने विचारलं.

"झालं की. बायको म्हणती घोड्याला अक्कल जास्त हुती."

ती हसली. मलाही बरं वाटलं. मग तो म्हणाला, "एक ओळ म्हणा की ताई. तसाच आवाज हाय का बघू."

तिचं हसू तिथेच थांबलं. "ती मी न्हवं, दादा," ती म्हणाली. "ती माझी धाकटी भन. लय वरच्या आवाजाची हुती. आता नसती ती."

गाडेवाल्याने चहाचे कप पुढे ठेवले. मी कपात बघत राहिले. चहा पिऊन होईपर्यंत सांगेन असं ठरवलं. चहा संपला. जिना चढेपर्यंत सांगेन असं ठरवलं. जिन्याला बावीस पायऱ्या आहेत.

दुपारनंतर दुसरं गाणं लावलं, मोटारसायकलचं. त्यात सूर आणखी वर जातो. तिसऱ्या प्रयत्नाला आवाज फाटला, म्हणजे खरोखर कापड फाटल्यासारखा आवाज आला. रेकॉर्डिंगवाल्याने बटण दाबून साथ बंद केली.

"मॅडम, आज थांबूया का?" त्याने मायक्रोफोनमधून विचारलं.

तिने हेडफोन काढून खुंटीला अडकवला. चष्मा घडी करून केसमध्ये घातला. बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला. "मी संध्याकाळच्या यष्टीनं येती," ती म्हणाली. "व्हय. झालं. न्हाई, झालं म्हंजी संपलं. मग सांगती." पलीकडून सुभेदार काहीतरी विचारत होते. तिने फोन बंद केला आणि गाण्यांचे कागद माझ्या हातात दिले, दोन्ही प्रती.

"तुझ्या फायलीत लाव. न्हाईतर बंबात घाल, पाणी तापंल."

"अगं, दोन दिवस आहेत अजून."

"आवाज गेला माझा, अक्का. कवाच गेला आसंल. मला आज कळलं एवढंच."

ती जिना उतरायला लागली. मी मागोमाग. माझा फोन वाजायला लागला, पलूसचा एक शेतकरी, त्याची गाडी उद्याची होती. मी तो वाजू दिला. दहाव्या पायरीवर मी तिचा दंड धरला.

"आवाज न्हाई गेला. पट्टी चुकली. माझी चूक हाय."

ती वळली नाही.

"त्या माणसानं मला विचारलं हुतं. तो म्हणाला, त्या खालून गातायत, विचारून सांगा. मी विचारलं न्हाई. वहीतली काळी पाच सांगून मोकळी झाली. तू आता काळी तीनला गातीस. मी सकाळी पेटीवर बघितलं."

"सकाळी?"

"व्हय."

"म्हंजी चा पितानाबी तुला ठावं हुतं."

"हुतं."

ती खाली बसली, पायरीवर, भिंतीला टेकून. खाली हमाल कुणाला तरी हाका मारत होते. मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"मलाबी ठावं हुतं," ती म्हणाली. "पैल्या सुरापासनं. ही पट्टी माझी न्हाई."

"मग बोलली का न्हाईस?"

"यादीत लिवलंवतंस तू. काळी पाच. खाली रेघ मारून. मला वाटलं, अक्कानं लिवलंय म्हंजी मला येत आसंल." मग तिचा आवाज चढायला लागला. "मला वाटलं तुमास्नी तीच पायजे. ती बावीस वर्साची. सगळ्यास्नी तीच पायजे आसती! घोडं बिथरवणारी! गळा माझा, सूर माझा, गाणी मी लिवली, आन माझी पट्टी कोण सांगणार? तर अक्का! पडद्यामागनं! मला एक फोन करायला तुला काय धाड भरली हुती? काय धाड भरली हुती गं?"

हे ती ओरडली. गोदामाच्या दारातले दोन हमाल वर बघायला लागले. वर दारात रेकॉर्डिंगवाला येऊन उभा राहिला. आणि एवढं ओरडूनही तो आवाज कुठे फाटला नाही, ताणला गेला नाही. भरलेल्या हंड्यासारखा जड, गोल होता. ती थांबली तेव्हा ते आम्हा दोघींच्या लक्षात आलं असावं, कारण तिने गळ्याला हात लावला.

माझ्याकडे उत्तर होतं, तुझ्या डोक्याला ताप नको म्हणून, पण ते त्या जिन्यावर मला स्वतःलाच खोटं वाटलं. खरं असं होतं की मला विचारलं की उत्तर माझ्याजवळ तयार असावं लागतं. आणि मलाही ती पोरगी हवी होती. तिच्यामागे पडद्याआड मी होते. वही घेऊन त्या दोन जिल्ह्यांत फिरले ती माझीही तीच वर्षं.

यष्टीला अजून दीड तास होता. ती किती वेळ बसली ते मी मोजलं नाही. मग ती उठली, माझ्या हातातले कागद काढून घेतले आणि वर गेली.

"पेटी आतमधी घ्या," तिने रेकॉर्डिंगवाल्याला सांगितलं. "आन ती साथ नगं. बंद ठेवा. मी खाली बसून गाणार."

त्याने सतरंजी टाकली, माइक खाली आणला. ती मांडी घालून बसली, कापड काढलं, भाता ओढला. आधी तिने काळी पाचवर बोट ठेवलं. बराच वेळ तो सूर नुसता वाजू दिला, जसं निरोप द्यायला कुणी दारात उभं राहतं. मग एकेक पट्टी खाली येत गेली. प्रत्येक ठिकाणी तोंड मिटून जरा गुणगुणून बघायची, मान हलवायची, पुढे.

रेकॉर्डिंगवाल्याला फाइलवर नोंद करायची होती. त्याने सवयीने मान माझ्याकडे वळवली, अगदी त्या जुन्या कीबोर्डवाल्यासारखी. "कितीत, मॅडम?"

माझं तोंड उघडलं होतं. ते मला बंद करावं लागलं.

"तिला विचारा," मी म्हणाले आणि पॅसेजमध्ये जाऊन बसले.

दाराच्या फटीतून जेवढं ऐकू आलं तेवढं ऐकलं. चष्म्याचं गाणं तिने दोनदा गायलं. पहिल्या वेळेला मध्येच थांबून ती खुदकन हसली, कारण पेटीच्या भात्याला कुठेतरी भोक होतं आणि त्याची फुसफुस गाण्यात येत होती. दुसऱ्या वेळेला थांबली नाही. फुसफुस राहिली आहे. आल्बममध्ये ऐकू येते. सुभेदारांना पुन्हा फोन करायला ती विसरली, तेव्हा त्यांचाच आला, आणि यष्टी चुकली का असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, ती गातेय, तुम्ही आज हातानं भात लावा. ते म्हणाले, "अक्का, मी फौजेत मेसचं खाल्लंय. माझी काळजी करू नका. गाऊ दे."

संध्याकाळी मी कराडच्या त्या साथवाल्या माणसाला फोन लावला आणि चूक माझी आहे एवढं सांगितलं.

"मी तेव्हाच म्हणालो होतो, मॅडम."

"हो. म्हणाला होतात."

त्याला राग आला होता आणि तो येणं योग्य होतं. वाजवणाऱ्यांना पुन्हा बोलवावं लागणार होतं. पण त्याने पुढे विचारलं, "आता कितीत करायचं?" मी फोन बहिणीच्या हातात दिला. ते दोघं अर्धा तास बोलले. त्यातलं निम्मं मला कळलं नाही आणि मी काही लिहून घेतलं नाही.

त्या तीन दिवसांत पेटीवर चार गाणी झाली. उरलेली चार नव्या साथीवर, डीजेवाल्यांचा महिना संपल्यावर. सांगलीच्या चहाच्या गाडेवाल्याला मी ती गाणी फोनवर पाठवली. त्याचं उत्तर आलं, घोडं उभं राहून ऐकंल असं हाय.

तिसऱ्या दिवशी निघताना मी सामान आवरत होते. थर्मास, शाल, दोन्ही चष्मे. यादीतल्या एकोणीसपैकी अठरा ओळींपुढे खूण होती. सातव्या ओळीवर मी काट मारली होती आणि पुढची जागा मोकळी ठेवली होती. बहिणीने ते पाहिलं.

"लिव की," ती म्हणाली. "काळी तीन."

मी पेन काढलं.

"पेनानं नगं. शिसपेन्शिलीनं लिव. अजून खाली जाईल ती."

माझ्या पर्समध्ये तीन पेनं होती. शिसपेन्सिल नव्हती. रेकॉर्डिंगवाल्याने त्याच्या टेबलावरची दिली, बोटभर उरलेली, आणि परत मागितली नाही.